डोंग्याच्या पोटातलं पाणी

तलावाच्या पारीवर आलात की डाव्या हाताला करंजाचं झाड लागतं. त्याच्या सावलीत एक लांबट, काळपट लाकूड पडलेलं दिसेल, मधे खोलगट कोरलेलं. गुरांना पाणी पाजायचं काहीतरी असेल असं समजून बरेच जण पुढे निघून जातात. तुम्ही थांबलात, बरं वाटलं. मी डोंगा आहे. एका झाडाच्या खोडातून कोरून काढलेली लहानशी नाव. पार म्हणजे तलावाचा बांध. डोंगा म्हणून माझं सगळं आयुष्य या पारीच्या अलीकडे किंवा पलीकडे गेलं.

आमचं गाव सिंदेवाहीच्या रस्त्यापासून बरंच आत, जंगलाला लागून आहे. डोंगा होण्याआधी मी मोहाचं झाड होतो. वच्छलाबाईच्या माहेरच्या बांधावर उभा होतो. लहानपणी ती फ्रॉकच्या ओच्यात माझी फुलं वेचायची आणि वेचता वेचता निम्मी खाऊन टाकायची. तिची आई ओरडायची, "घरी न्यायले काई ठेवजो वो पोरी!"

पुढे तिचं लग्न होऊन ती या गावात आली. तिचा मुलगा लोकेश नुकता पावलं टाकायला लागला होता, तेव्हा मृगाच्या वादळात मी मुळासकट आडवा झालो. तिच्या वडिलांनी जावयाला निरोप धाडला, "मोहाचं खोड पडलं हाय. सरपन करून टाकू का तुमच्या कामाचं हाय?"

जावई म्हणजे लटारू. जातीचा मासेमार. तो बैलगाडी घेऊन दुसऱ्या दिवशी हजर झाला. मी गाडीत आडवा, आणि मागून लोकेशला कडेवर घेऊन वच्छलाबाई चालत. माहेरची वस्तू सासरी येत होती, म्हणून तिच्या चेहऱ्यावर कोण आनंद!

गावातल्या इसरूबुवांनी मला कोरलं. वाकसानं, म्हणजे तासणीनं, सालपं काढायची, मधे निखारे ठेवून लाकूड जाळायचं, पुन्हा कोरायचं. दुखलं. पण इसरूबुवा कोरता कोरता माझ्याशी बोलत असत, "झालं बाप्पा, झालं, आता थोडंच राह्यलं." माणसाला सुई टोचताना बोलतात तसं.

मला लटारूच्या हवाली करताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. "याले पान्यात असताना सांभाळावं लागत नाई. बाहेर असताना सांभाळ. उन्हाळ्यात कोरडा पडला का उभा फुटते. मंग इसरू आला तरी जुडत नाई. तलाव आटला का याच्या पोटात पानी भरून ठेवजो."

दुसरी गोष्ट त्यांना सांगायची गरजच नव्हती. ती गावात सगळ्यांना ठाऊक होती. बाईचा पाय डोंग्यात पडू नये. पडला तर तलाव रुसतो, मासा मिळत नाही, असं जुने लोक सांगत. त्यामुळे जी मला माहेराहून घेऊन आली, ती काठावरच उभी राहिली. मी लटारूला घेऊन पाण्यात शिरलो.

ते दिवस चांगले होते. तलाव कमळांनी आणि शिंगाड्याच्या वेलांनी भरलेला असायचा. पाण्याखाली चिला नावाची लांब रिबिनीसारखी वनस्पती डोलायची, तिच्यात मरळ, शिंगी, झिंगे लपायचे. लटारू बांबूनं मला ढकलायचा, जाळं टाकायचा आणि गप्प बसायचा. त्याला गाणं येत नव्हतं, पण सकाळच्या वेळी तो हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणायचा. रोज तीच एक ओळ. पुढची त्याला कधीच आठवली नाही.

काठावर वच्छलाबाई टोपलं घेऊन वाट बघायची. मासे निवडायचे, विकायला न्यायचे, फाटलेली जाळी शिवायची, हे बायकांचं काम. तिच्या हाताला जाळं शिवायची अशी सवय होती की ती कोणाशी भांडत असली तरी बोटं चालूच असायची.

मग एका वर्षी पाण्यातलं गवत जरा जास्तच माजलं. जाळी अडकू लागली. डोंगे फसू लागले. मासेमार संस्थेचा अध्यक्ष झिंगूभाऊ. मोठ्या आवाजाचा, पांढरी टोपी घालणारा, मनानं वाईट नाही पण सगळ्या गोष्टींची घाई असलेला माणूस. त्यानं पारीवर सभा घेतली.

"एक मासा येते," तो म्हणाला. "नुसतं गवत खाते. आपन काईच करायचं नाई. तो चरते, तलाव साफ. वरून मासा असा मोठा होते!" त्यानं दोन्ही हात फाकवून दाखवले.

"इतका मोठा तं तू पन नाई, झिंगू," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. हसता हसता सगळ्यांनी हात वर केले. लटारूनंही केला.

त्या माशाला गावानं नाव दिलं, गवत्या. पिपात भरून आणलेली त्याची पिल्लं पारीवरून तलावात सोडली. नारळ फोडला. पहिल्या वर्षी खरंच गवत कमी झालं. गवत्या वाढला, विकला गेला, झिंगूभाऊचा आवाज आणखी मोठा झाला.

पण तलावातलं कुठलं गवत नको आणि कुठला वेल हवा, हे माशाला कोण सांगणार? त्याच्या लेखी सगळंच हिरवं. गवत संपलं तेव्हा त्यानं चिला खाल्ला. चिला संपला तेव्हा शिंगाड्याचे वेल खाल्ले, मग कमळाचे कोवळे देठ. लपायला जागा उरली नाही तशी मरळ गेली, शिंगी गेली, झिंगे गेले. पाणी गढूळ, उघडंबोडकं झालं. दरवर्षी नवं बी, म्हणजे पिपातली पिल्लं, आणावं लागे, कारण गवत्या तलावात पिल्लं देत नाही. आणि आता त्याला खायलाही काही नव्हतं. तोही रोडावला.

गवत्या आला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, एका सकाळी, बांबू उचलताना लटारूचा हात वर गेलाच नाही. तो माझ्यातच कलंडला. डावी बाजू लुळी पडली होती. काठावरून वच्छलाबाईनं पाहिलं आणि ती लुगड्यासकट पाण्यात शिरली, गळ्याएवढ्या पाण्यातून मला ओढत काठाला घेऊन आली. तेव्हाही तिनं पाय माझ्यात ठेवला नाही. नवरा जातो की राहतो अशा वेळीसुद्धा तिनं गावाची रीत सांभाळली. मला त्याचं फार वाईट वाटलं.

लटारू जगला. पण खाटेवरचा झाला. बोलणं तोतरं झालं. मला ओढून पारीवर करंजाखाली ठेवलं, आणि माझं पाण्यातलं आयुष्य तिथं संपलं.

आपण संपलो हे कोणालाच लगेच पटत नाही. मला वाटायचं, उद्या येईल तो. रोज वाटायचं. लटारूचंही तसंच असावं. कारण रोज सकाळी तो वच्छलाबाईला विचारायचा, "डोंगा फुटला तं नाई?"

"नाई," ती सांगायची.

"पानी भरून ठेवजो त्याच्यात. मी उठलो का लागन."

डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की हा माणूस आता डोंग्यात बसणार नाही. तिनं ते घरी सांगितलं नाही. ती रोज धानाच्या रोवणीला, कापणीला, कोणाच्याही शेतावर कामाला जायची. जाताना तलावातून एक गुंड, म्हणजे एक घागर, पाणी भरायची, माझ्या पोटात ओतायची आणि पुढे जायची. दमून परत येताना पुन्हा एक गुंड. जंगलाकडची वाट, वाघाची भीती, म्हणून बाकी बायका दिवस कलायच्या आत घाईघाईनं घरी निघायच्या. ही तेवढ्यातही पारीवर थांबायची.

झिंगूभाऊ एकदा तिथून चालला होता. हसून म्हणाला, "काय वहिनी, डोंग्याले चहा पाजून राह्यल्या का?"

"चहा मी तुमच्या घरी येईन तेव्हा मले पाजजा, भाऊ. याले पानी पुरते."

"अवो, जो डोंगा चालनारच नाई, त्याले जपून काय करता? एक हिवाळा शेकोटी होईन त्याची."

"मानूस पन चालत नाई माह्या घरचा," ती शांतपणे म्हणाली. "त्याले पन पाजतोच ना पानी."

झिंगूभाऊ टोपी नीट करत निघून गेला.

तिच्या नशिबी निराशा काही थोड्या आल्या नाहीत. तिनं संस्थेकडे मागणी केली की आम्हा बायकांना तलावाचा एक कोपरा द्या, आम्ही शिंगाडा लावतो. नाही म्हणाले. बायकांची नावं संस्थेत नव्हती. तरी तिनं लांबच्या एका गावाहून शिंगाड्याचे वेल आणून गुडघाभर पाण्यात लावले. आठवडाही झाला नसेल, गवत्यानं ते साफ केले. पुढच्या वर्षी भोवती जुनं जाळं बांधून पुन्हा लावले. जाळ्याच्या खालून मासा शिरला. त्या दिवशी ती माझ्या काठावर हात टेकून बसली आणि रडली. हळू रडली, कोणाला कळू नये असं. मग तोंड धुतलं, आणि जाताना गुंडभर पाणी ओतूनच गेली.

संस्थेची जाळी शिवायचं काम मात्र तिच्याकडेच येत राहिलं. तिची मैत्रीण कमळाबाई याच्यावर फार चिडायची. कमळाबाई शेजारची, जिभेनं तिखट.

"ज्याहीनं तुले कोपरा देला नाई त्याहीचंच जाळं शिवतेस? मी असती तं दोन भोकं जास्ती पाडली असती."

"जाळ्यानं माहं काय वाकडं केलं वो?" वच्छलाबाई म्हणायची, आणि बोटं चालूच.

मी हे सगळं पारीवरून पाहिलं. कोणी तिला टाकून बोललं तर तिला लागायचं. तोंड उतरायचं. पण ते दुखणं ती पुढच्या माणसावर काढायची नाही. ते कसं जमतं, मला अजून नीट कळलेलं नाही. मी लाकूड आहे. मला वाटतं, तिला रोज सकाळी काहीतरी करायचंच असायचं, आणि रागावत बसायला वेळच मिळायचा नाही.

मोठा झाल्यावर लोकेश घुग्घुसच्या कारखान्यात कामाला लागला. सिमेंटच्या पोत्यांचे ट्रक भरायचे. तो फोनवर म्हणायचा, "माय, इथी खोली घेतली. बाबाले घेऊन ये. तिथी काय राह्यलं आता? तलावात चिखल, अन् घरात तू एकटी मरून राह्यली."

फोन मोठ्या आवाजावर असायचा. खाटेवरून लटारू म्हणायचा, "तिथी पानी नळात रायते. नळात मासे नाई रायत."

लोकेश हसायचा, पण शेवटी त्यानं ठरवूनच टाकलं. आईचे पाय सुजलेले तो पाहून गेला होता. "यंदा पोळ्याले येतो, गाडी घेऊन. तोपर्यंत तिथी जगायले काई असलं तं सांग. नाई तं घर बंद करायचं."

वच्छलाबाई "बरं" म्हणाली. त्याचं चुकत नव्हतं. पण पाण्यापासून दूर नेलं तर लटारू टिकणार नाही, हेही तिला माहीत होतं. तो दिवसातून कितीदा तरी खिडकीतून पारीकडे बघायचा. तलाव पोळ्यापर्यंत जिवंत झाला नाही तर ही खिडकी बंद होणार होती.

त्या उन्हाळ्यात पाणी फारच आटलं. मधे एक डबकं तेवढं उरलं. पाणी तापून मासे मरायला लागले, तेव्हा संस्थेनं राहिलेले सगळे गवत्ये जाळ्यानं काढून विकून टाकले. तलाव रिकामा झाला. चिखलाला भेगा पडल्या.

हीच वेळ होती. वच्छलाबाई कमळाबाईला आणि आणखी चार बायकांना घेऊन झिंगूभाऊकडे गेली. तो पारीवरच, माझ्यापासून थोड्या अंतरावर, विडी ओढत बसला होता.

"भाऊ, यंदा गवत्याचं बी आनू नका."

"मंग काय आनू? वाघ?"

"काईच आनू नका. आम्ही चिला लावतो, शिंगाडा लावतो. लपायले जागा झाली का आपली मरळ येते. वरच्या नाल्यात हाय ती अजून. पानी वाहलं का उतरन."

झिंगूभाऊनं विडी विझवली. "वहिनी, चिला लावता म्हनता. आनता कुठून? तलाव खरडून साफ हाय. आजूबाजूच्या गावातही गवत्या सोडला हाय. पाह्यलं ना मी. काडी नाई कुठी."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. वच्छलाबाईनं खाली पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिनं हरल्यासारखं पाहिलेलं मला दिसलं. ती उठली, सवयीनं गुंड उचलला, डबक्यातून कसंबसं पाणी भरून आणलं आणि माझ्यात ओतलं.

कमळाबाई तिच्या मागोमाग आली होती. उन्हानं तापली होती. "थांब वो, हात तरी ओले करू दे," म्हणत तिनं माझ्या पोटात हात घातला. वर पडलेला पालापाचोळा बाजूला केला, तळातला गाळ ढवळला, आणि हात बाहेर काढला तर बोटांना हिरव्या लांब रिबिनी गुंडाळलेल्या.

"अवो बाई," ती ओरडली, "हा तं चिला हाय!"

मला स्वतःलाच माहीत नव्हतं. पोटात कधीपासून काहीतरी हलकं हलकं हलायचं, मला वाटायचं किडे असतील. लटारू आजारी पडला तेव्हा तलावात अजून चिला शिल्लक होता. वच्छलाबाईच्या पहिल्या पहिल्या गुंडातून त्याचे तुकडे, थोडा गाळ माझ्यात आला असेल. तलावातला सगळा चिला मासा खात होता तेव्हा हे मूठभर, माझ्यात, करंजाच्या पाचोळ्याखाली जगत राहिलं. माशाला पारीवर चढता येत नाही ना!

सगळ्या बायका माझ्याभोवती जमल्या. झिंगूभाऊही उठून आला. त्यानं वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. टोपी काढून डोकं खाजवलं.

"सायाच्याले," तो हळूच म्हणाला. "चहा पाजून पाजून हे केलं का वहिनी?"

"मले काई मालूम नव्हतं भाऊ," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी तं डोंगा फुटू नये म्हनून टाकत होती."

झिंगूभाऊनं तिथंच सांगितलं, "थांबतो. पोळ्यापर्यंत पाहीन. हिरवं दिसलं नाई, मासा दिसला नाई, तं मी बी आनून सोडतो. मंग मले बोल लावू नका."

आता माझं काम बदललं. डोंग्याचं काम पाणी बाहेर ठेवायचं. माझ्यात मुद्दाम चिखल भरला, चिल्याच्या काड्या खोचल्या, रोज पाणी. खरं सांगू? सुरुवातीला लाज वाटली. पाण्यावर चालणाऱ्या डोंग्याच्या पोटात चिखल म्हणजे नाक कापल्यासारखं. पण काड्यांना फुटवे आले, मुळं माझ्या लाकडाला चिकटली, तेव्हा वाटलं, मोहाचं झाड असताना माझ्या अंगावर पानं होती. इतक्या वर्षांनी पुन्हा माझ्यात काहीतरी वाढतंय.

एक गोष्ट वच्छलाबाईनं घरी सांगितली नाही. लटारू विचारायचा, "डोंगा फुटला तं नाई?" ती म्हणायची, "नाई." ते खरंच होतं. पण डोंग्यात चिखल भरलाय, तो आता पाण्यावर जाणार नाही, हे सांगायचा तिला धीर झाला नाही.

पाऊस लागायच्या आधी बायकांनी पारीखालच्या एका कोपऱ्यात, ओल्या चिखलात, चिला रोवला. धानाची रोवणी करणाऱ्याच त्या, रांगा सरळ आल्या. मग पाऊस आला, नाल्याला पूर आला, आणि अर्ध्याहून जास्त रोपं वाहून गेली.

मला वाटलं, आता संपलं. बायकाही पारीवर नुसत्या उभ्या राहिल्या. वच्छलाबाई म्हणाली, "डोंग्यात अजून हाय ना?" होता. पण आता तलावात पुरुषभर पाणी होतं. त्या कोपऱ्यात जाऊन लावायचं कसं? मी तर चिखलानं भरलेला. उरलेली नाव एकच, झिंगूभाऊची टिनाची.

झिंगूभाऊ पावसात छत्री धरून उभा होता. बायकांकडे बघत होता, नावेकडे बघत होता. काठावरचे म्हातारे त्याच्याकडे बघत होते. शेवटी तो मोठ्यानं म्हणाला, "डोंग्यात बाईनं बसू नये म्हनतात. हे तं टिन हाय. टिनाचं कोनी काई सांगतलं नाई मले. बसा लवकर!"

म्हातारे विचारात पडले. त्यांनाही टिनाबद्दल काही आठवेना.

वच्छलाबाई नावेत बसली. दोन्ही काठ घट्ट धरून, डोळे मिटून. कमळाबाई मागून म्हणाली, "डोळे उघड वो, नाई तं चिला झिंगूभाऊच्या टोपीत लावशील!" एवढा हशा पिकला की नाव हलली. माझ्या पोटातली रोपं दगडाला बांधून त्यांनी पाण्यात सोडली. पुन्हा पुन्हा जाऊन सोडली.

श्रावण सरत गेला. पोळा आला. बैलांच्या शिंगांना रंग लागले, पाठीवर झुली पडल्या. लोकेशही आला, एक छोटा टेम्पो भाड्यानं घेऊन. सामान भरायला दोर आणला होता.

कोपरा हिरवा झाला होता, पण कोपराच. बाकी तलाव तसाच गढूळ. मासा कोणी पाहिला नव्हता. झिंगूभाऊ येऊन म्हणाला, "वहिनी, मेहनत केली तुम्ही, त्याले ना नाई. पन..." आणि त्यानं गढूळ पाण्याकडे बोट दाखवलं.

लटारू म्हणाला, "जायचंच हाय तं एक खेप तलाव दाखव." लोकेशनं बापाला पाठीवर घेतलं आणि पारीवर आणलं.

माझ्याजवळ येताच लटारूनं लोकेशच्या खांद्यावर थापटलं. थांब. त्यानं मला पाहिलं. चिखल, पाणी, हिरवी पाती. वच्छलाबाई मागे उभी होती, पदर तोंडात धरून. लोकेशनं त्याला माझ्या काठावर टेकवून बसवलं. लटारूनं उजवा हात माझ्यात बुडवला, पात्यांमधून हळूहळू फिरवला.

"याच्यात... मी बसनार नाई आता," तो म्हणाला.

"नाई," वच्छलाबाई म्हणाली.

"तुले कधीपासून मालूम?"

"पहिल्यापासून."

एक पातं त्यानं बोटाभोवती गुंडाळलं. हात पाण्यातच. मग त्याचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं. तो हसत होता. "तरी पानी टाकलं," तो म्हणाला. "रोज."

तेवढ्यात लोकेश पारीच्या उतारावर दोन पावलं खाली गेला होता. तो एकदम वाकला. "बाबा," त्यानं हळू आवाजात हाक मारली, जशी लहानपणी मारायचा. "बाबा, इथी पाहा."

हिरव्या पात्यांमध्ये पाण्यावर एक तांबूस पुंजका सरकत होता. शेकडो बारीक पिल्लं, एकमेकांना चिकटून. आणि त्यांच्या खाली काळी सावली, हळूहळू त्यांच्याबरोबर फिरणारी. मरळ. पिल्लांसोबतची मरळ कधी पिल्लांना सोडून जात नाही, आणि पिल्लांसोबतच्या मरळीला कधी कोणी मारत नाही. एवढी एक रीत गावानं कधीच मोडली नाही.

झिंगूभाऊ पाण्याच्या काठाशी उकिडवा बसून राहिला. त्याचा मोठा आवाज लहान झाला होता. "यंदा बी नाई आनत, वहिनी," तो म्हणाला. "पुढच्या सालीही नाई."

लोकेशनं आईकडे पाहिलं. "मंग तुम्ही येत नाई."

"तू येत जाजो," ती म्हणाली.

पुरणाच्या पोळ्या खाऊन, चार बांधून घेऊन, रिकामी गाडी घेऊन तो घुग्घुसला परत गेला. जाताना थोडा रागात होता. पारीच्या वळणावर मात्र त्यानं गाडी थांबवली, उतरला आणि पाण्याकडे बघत उभा राहिला. मग गेला.

त्याला आता काही वर्षं झाली. तलाव पूर्वीसारखा झाला असं मी सांगणार नाही. तीन कोपऱ्यांत चिला आहे. कमळ अजून आलेलं नाही. मागच्या साली शिंगाड्याला कीड लागली, अर्धा गेला. कमळाबाई किडीला शिव्या घालत होती. वच्छलाबाई म्हणाली, "अर्धा तं हाय ना वो." बायकांची नावं संस्थेत लागली आहेत. लटारू खाटेवरच आहे, पण खाट आता दिवसा पारीवर आणून ठेवतात. तो आल्यागेल्याला मासे कुठे आहेत ते तोतरं सांगतो. कोणाला कळत नाही, पण सगळे मान डोलावतात.

माझं म्हणाल तर एका टोकाला मी कुजलोय. वाळवीनं एक बाजू पोखरली आहे. फार तर आणखी दोन-चार पावसाळे. शेजारच्या गावच्या बायका ओल्या पोत्यात गुंडाळून माझ्यातला चिला घेऊन जातात. त्यांच्या तलावात मी कधी गेलो नाही, जाणारही नाही. पण तिथं कुठेतरी मरळीची पिल्लं माझ्याकडच्या पात्यांमध्ये लपत असतील, असं मनात आलं की बरं वाटतं.

तुमच्याही घरामागे, गोठ्यात, परसात अशी एखादी निकामी झालेली वस्तू असेल. किंवा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडून आता काही होणार नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं असेल. त्याचं पुढे काय होईल, ते मला सांगता येणार नाही. वच्छलाबाईलाही सांगता आलं नसतं. तिनं फक्त पाणी टाकलं. तुम्हीही टाकत राहा, एवढंच मागणं आहे.

आता मला पाणी घालायची बायकांनी पाळी लावली आहे. आज कमळाबाईची. ती बघा, गुंड कमरेवर घेऊन, कोणाला तरी शिव्या देत येते आहे. तुम्ही जरा बाजूला सरका. तिचं पाणी नेहमी थोडं बाहेर सांडतं.